बाळाच्या खाण्यातलं शिसं, आर्सेनिक, बुरशीचं विष: नाशकात तपासून मिळतं का?

नव्याने_आई

मुलगी सात महिन्यांची. उष्टावण झालं, आता नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, भाताची पेज, भोपळा-गाजर असं सुरू आहे. मावसबहीण कॅलिफोर्नियाहून आली तेव्हा तिकडच्या ओट्सच्या पावडरीचा डबा घेऊन आली. डब्यावर क्यूआर कोड. फोन धरला की त्या डब्यातल्या मालाचे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचे आकडे समोर. मी आपल्या दुकानातला डबा उलटसुलट करून पाहिला. लोह किती, प्रथिनं किती, जीवनसत्त्वं किती, सगळं मिलिग्रॅममध्ये दिलंय. जे नको ते किती आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही.

घरच्याची तरी खात्री कुठे आहे? नाचणी पेठ तालुक्यातून येते, हळद रविवार कारंजावरून सुटी, तांदूळ इगतपुरीकडचा, आणि सासूबाई रोज बाळगुटी उगाळतात. यातलं काही नाशकात तपासून मिळतं का, साधारण खर्च काय, आणि रिपोर्ट आला तर वाचायचा कसा? "इतकं काय घाबरायचं" छापाचे सल्ले कृपया नकोत, ते घरात मुबलक मिळतात.

खडूस

इतकं काय घाबरायचं? आम्ही गुटी, पेज आणि पितळेच्या पातेल्यातलं दूध यांवर वाढलो. काही झालं नाही. हल्ली आजारापेक्षा माहितीच जास्त झालीये. बाकी चालू द्या.

द्राक्षबाग

ताई, शंका रास्त आहे. मी निफाड तालुक्यातला. माल युरोपला जातो, त्यामुळं रेसिड्यू रिपोर्ट हा आमच्या घरातला शब्द आहे. अनुभवाचं सांगतो.

२००३ साली आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून युरोपात बोंब झाली. त्यानंतर अपेडानं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं, ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी व्यवस्था आणली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी सॅम्पल, पुण्यात मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची सगळ्यावर नजर. यात मुद्द्याची गोष्ट अशी, की सॅम्पल शेतकरी देत नाही. लॅबचा माणूस येतो आणि बागेत फिरून स्वतः घड काढतो. मी दिले असते तर चांगलेच निवडून दिले असते ना! तेव्हा "आम्ही तपासणी करतो" असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचारायचा की नमुना काढला कुणी.

दुसरं, २०१० चा सीसीसीचा (वेलीची वाढ आवरायचं रसायन) घोळ इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. रिपोर्ट स्वच्छ होते, कंटेनर गेले, आणि तिकडं सीसीसी सापडलं. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. यंत्र जे शोधायला सांगाल तेवढंच शोधतं.

तिसरं. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांच्या डबाबंद खाण्यात जवळपास सगळ्याच कीटकनाशकांना तोच आकडा. हॅम्बुर्गला जाणाऱ्या घडाची एवढी चौकशी होते आणि लोकल मार्केटला उतरणाऱ्या त्याच वाणाच्या घडाला कुणी काही विचारत नाही. बागायतदार म्हणून मला ते बरंच आहे, बाप म्हणून नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर

द्राक्षबाग यांना +१. नमुन्याचा मुद्दा त्यांनी काढला ते बरं झालं, लोक यंत्राचीच चौकशी करत बसतात.

मी अन्न तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये आहे. कुठली ते विचारू नका, आणि मला नमुनेही पाठवू नका. तुमच्या प्रश्नांकडे येतो.

पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम, म्हणजे पीपीबीच्या हजारपट. रिपोर्टवर यातलं कुठलं एकक आहे ते पाहिल्याशिवाय आकडा वाचूच नका.

धातूंसाठी आयसीपी-एमएस नावाचं यंत्र लागतं. नमुना दळून एकजीव करायचा, त्यातला अर्धा ग्रॅमच्या आसपास घ्यायचा, नायट्रिक ॲसिडमध्ये दाबाखाली मायक्रोवेव्हने पूर्ण विरघळवायचा, मग यंत्रात सोडायचा. सोबत ज्यातला धातू आधीच माहीत आहे असा प्रमाणित नमुनाही चालवायचा. तांदळाच्या पिठाचा असा नमुना अमेरिकेची एनआयएसटी ही सरकारी मापन संस्था विकते. त्याचा आकडा बरोबर आला तरच तुमच्या नाचणीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. कीटकनाशकांचं यंत्र वेगळं, बुरशीच्या विषाचं वेगळं. म्हणून "सगळं तपासून द्या" असं काउंटरवर म्हणालात तर समोरचा माणूस तुमच्याकडे बघतच राहील. काय शोधायचं ते तुम्ही सांगायचं, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. फक्त चार धातू केले तरी हिशेब हजारांत जातो.

आता खरी मेख. रिपोर्टवर "आढळले नाही" असं येतं आणि लोक पेढे वाटतात. शेजारी एलओक्यू नावाचा रकाना असतो. म्हणजे त्या पद्धतीने कमीत कमी किती मोजता येतं ती मर्यादा. शिशाचा एलओक्यू १०० पीपीबी असेल, तर ९० पीपीबी शिसं असलेल्या पिठालाही "आढळले नाही" हाच शेरा मिळणार. अमेरिकेत बाळाच्या कोरड्या धान्यपिठाला शिशाची पातळी २० पीपीबी ठरवली आहे, युरोपातही तेवढीच. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: शिशाचा एलओक्यू १० पीपीबी किंवा त्याखाली आहे का? नसेल तर नमुना उचला आणि घरी या. आणि लॅबच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेत नेमकी हीच चाचणी आहे का तेही बघा. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं असतं, त्याच्या यादीत तुमचा पदार्थ आणि तुमचा धातू असेलच असं नाही.

आर्सेनिकमध्ये आणखी एक पाचर. सेंद्रिय आर्सेनिक, जे माशांत भरपूर असतं, ते फारसं त्रासाचं नाही. असेंद्रिय ते घातक. साधी चाचणी दोन्हींची बेरीज देते. वेगवेगळं मोजायला आणखी एक यंत्र जोडावं लागतं, ते महाग पडतं आणि सगळीकडे होत नाही.

खाडीकाठी

त्या क्यूआर कोडची गोष्ट मी सांगतो, इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहतो (मूळचा नाशिकरोडचा).

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीचा बाळांच्या खाण्यातल्या जड धातूंवरचा अहवाल आला. सात कंपन्यांकडे कागद मागितले होते, चौघांनी दिले. त्यात दिसलं की काही कंपन्या फक्त कच्चा माल तपासत होत्या, तयार डबा नाही. एका कंपनीने तयार माल तपासला, तर कच्च्या मालावरून काढलेल्या अंदाजापेक्षा आर्सेनिक जास्त निघालं. संशय कशावर गेला माहितीये? पौष्टिक म्हणून मिसळलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या चूर्णावर.

मग कॅलिफोर्नियाने एबी ८९९ हा कायदा केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या खाण्याचा तयार माल जानेवारी २०२४ पासून महिन्यातून किमान एकदा चार धातूंसाठी तपासायचा, आणि जानेवारी २०२५ पासून आकडे लोकांसमोर ठेवायचे. दुधाची पावडर मात्र या कायद्यातून बाहेर आहे. म्हणजे मावसबहिणीचा डबा काही फार सात्त्विक वगैरे नाही, त्या कंपनीला आकडे दाखवणं भाग आहे.

आणि घरचं ते शुद्ध, असंही समजू नका. इथल्या एका संस्थेने २०२२ मध्ये डबाबंद आणि घरी शिजवलेलं असे २८८ पदार्थ तुलनेला घेतले होते. ९४ टक्क्यांत एक तरी जड धातू सापडला आणि घरचं-बाहेरचं यात फारसा फरक नव्हता. धातू मातीतून आणि पाण्यातून येतो, त्याला स्वयंपाकघर कुणाचं आहे ते कळत नाही. तांदळाचे फुलवलेले पदार्थ सगळ्यात वाईट निघाले. चुरमुरे हातात देऊन बाळाला बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

बागुलबुवा

मी माझ्या नातवाला अमुक कंपनीचा डबा देतो. एकदम बेस्ट. आमच्या ओळखीचे वितरक आहेत, नाशकात घरपोच

*[मजकूर संपादित]*

संपादक मंडळ

ब्रँडची शिफारस नको. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने (आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने) बंद आहे. इथेही ती चालणार नाही.

बालडॉक

खडूस, "काही झालं नाही" हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगायला उरतात.

पितळेच्या पातेल्याचं तुम्ही स्वतःच काढलंत म्हणून सांगतो. एके काळी महाराष्ट्रात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. एक-दोन वर्षांचं मूल, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं, आणि बहुतेक वेळा शेवट ठरलेला. आनुवंशिक असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे सहकारी, सोबत इंग्लंडचे डॉ. टॅनर, यांनी मुलांच्या खाण्याची नीट चौकशी केली. १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला: तान्हेपणीच सुरू केलेलं गाईम्हशीचं दूध, तापवलेलं आणि ठेवलेलं पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात. तांबं दुधात उतरत होतं आणि मुलांच्या यकृतात साठत होतं. घराघरांत स्टील आलं, भांडी बदलली, आजार जवळपास नाहीसा झाला. आज शिकणाऱ्या मुलांना आम्ही तो पुस्तकातूनच दाखवतो.

भांडीबाजाराच्या गावात हे लिहिताना जरा धास्ती वाटते. पण सध्या "पारंपरिक भांडी" म्हणून पितळ पुन्हा घरात येतंय आणि बाळाचं दूधही त्यात तापतंय, तेव्हा लिहिणं भाग आहे.

माईआजी

डॉक्टर म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. आमच्याकडे पितळेला कल्हई असल्याशिवाय दूध काय, आमटीसुद्धा होत नसे. कल्हईवाला दारात बसायचा, नवसागराचा धूर व्हायचा, भांडं आतून चांदीसारखं निघायचं. कल्हई उडाली की ते भांडं पाणी तापवायला. हल्लीच्या मुली शोभेचं पितळ आणतात आणि त्यातच दूध ठेवतात, कल्हईचं नाव नाही.

गुटीबद्दल मात्र मी काही ऐकून घेणार नाही. एक-एक वेढा उगाळून द्यायचा, वाटीभर नाही.

बालडॉक

माई, कल्हईचं मान्य. फक्त त्या कथलात शिशाची भेसळ असली तर आगीतून फुफाट्यात. आणि तो कल्हईवाला आता शोधायचा कुठे?

गुटीबद्दल भांडतो, रागावू नका. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीही नको. नंतर द्यायचीच असेल तर त्यातलं वेखंड काढा. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळेच अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्यात वापरायला बंदी केली. बाकीची मुळं-फळं कुठल्या दुकानात किती वर्षं पडून होती हा प्रश्न वेगळाच. जायफळ, बदाम, खारीक दमट हवेत ठेवली की बुरशी धरते.

पेठची_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे. नाचणीबद्दल माझं ऐका. आमच्याकडे नाचणी डोंगरउतारावर होते, फवारणी जवळपास नाहीच, भातासारखं खाचरात पाणीही तुंबत नाही. दाणा चांगलाच असतो. बिघडतं ते नंतर. मोड आणायचे म्हणून भिजवायची, मग पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही. वरून कोरडी, आत ओल. तशीच दळली की आठवड्यात पिठाला वास. बायका म्हणतात थोडं भाजून घेते, जाईल वास. वास जातो, पण गोष्ट जाते का?

माझं सांगणं इतकंच, की सत्त्व उन्हाळ्यात करा किंवा पावसाळ्यात थोडं-थोडं करा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. शेंगदाण्याचं कूट घालणाऱ्यांनी काळा पडलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा हाताने वेचून काढा. एकसुद्धा नको.

प्रयोगशाळेतला_उंदीर

ताईंना सलाम. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे हे बुरशीचं विष, उष्णतेने फारसं नष्ट होत नाही, भाजल्यावर बराचसा भाग तसाच राहतो. आणि ते सारखं पसरलेलं नसतं. अख्ख्या पोत्यात चार-दोन दाणेच विषारी असतात. त्यामुळे मूठभर दाणे आणून "तपासा" म्हटलं तर त्या मुठीत ते दाणे आलेच नाहीत असंही होतं. मोठा नमुना घेऊन, दळून, त्यातला भाग काढावा लागतो. वेचून काढणं हा घरगुती उपाय माझ्या यंत्राच्या बरोबरीचा आहे, गंमत नाही.

दुधाचंही सांगून टाकतो. गाईला बुरशी आलेली सरकी पेंड किंवा शेंगदाणा पेंड घातली की ते विष रूप बदलून दुधात येतं, त्याला एम-वन म्हणतात. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशभरच्या दूध पाहणीत ६,४३२ नमुने होते. भेसळीने असुरक्षित ठरलेले फक्त १२, आणि एम-वन मर्यादेबाहेर असलेले ३६८, म्हणजे ५.७ टक्के. आपण युरिया आणि डिटर्जंटच्या नावाने ओरडतो, दोष निघाला पेंडीत. आपली मर्यादा लिटरला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम आहे, युरोपची त्याच्या एक दशांश.

अंबडकर

दूध उकळून उपयोग नाही का?

प्रयोगशाळेतला_उंदीर

जंतूंसाठी आहे. एम-वनसाठी नाही.

नव्याने_आई

सगळ्यांचे आभार. सत्त्वाच्या वाळवणीचं मी पक्कं लिहून ठेवलंय. तांदूळ आणि हळद राहिली. पेजेचं काय?

प्रयोगशाळेतला_उंदीर

भातशेतीत पाणी उभं राहतं, त्यात मातीतलं आर्सेनिक सुटं होतं आणि रोप ते सिलिकासोबत शोषून घेतं, म्हणून तांदळात इतर धान्यांपेक्षा ते जास्त. भूजलात आर्सेनिक आहे ते प्रामुख्याने बंगाल-बिहारच्या गंगेच्या पट्ट्यात. आपला सह्याद्रीचा भाग तसा कुप्रसिद्ध नाही. तरी इगतपुरीच्या तांदळाला मोजल्याशिवाय प्रमाणपत्र मी देणार नाही. अमेरिकेत बाळाच्या तांदूळपिठाला १०० पीपीबी असेंद्रिय आर्सेनिक ही पातळी आहे.

भरपूर पाण्यात, म्हणजे सहापट किंवा जास्त, भात शिजवून तो वेळला तर ४० ते ६० टक्के आर्सेनिक पाण्यासोबत जातं. पण ते पाणी म्हणजे आपली पेज! भात आपण जेवतो आणि निथळलेलं बाळाला पाजतो. रोज तीनदा पेजच, असं करू नका. एक दिवस नाचणी, एक दिवस ज्वारीची उकड, मग मूग, मग बटाटा-रताळं. एकाच धान्यावर बाळ वाढवलं नाही की हा प्रश्न निम्म्याने सुटतो, आणि त्याला लॅब लागत नाही.

खाडीकाठी

हळदीचं मला बोलू द्या, कारण हा या धाग्यातला सगळ्यात मोठा बॉम्ब आहे.

२०२३ च्या शेवटी इथे सफरचंद-दालचिनीच्या प्युरीची पाकिटं बाजारातून परत बोलावली. पाचशेहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याची प्रकरणं नोंदली गेली. दालचिनीत लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य होतं, बहुधा रंग आणि वजनासाठी घातलेलं. हे डबा तपासून उघडकीला आलं नाही. नॉर्थ कॅरोलिनात काही मुलांच्या रक्ततपासणीत शिसं निघालं आणि तिथले आरोग्य अधिकारी माग काढत पाकिटापर्यंत पोहोचले.

हेच लेड क्रोमेट हळकुंडाला पॉलिश करताना लावतात, पिवळंजर्द दिसावं म्हणून. बांगलादेशात २०१९ नंतर सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि दोनेक वर्षांत बाजारातली भेसळ जवळजवळ शून्यावर आली. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ यांच्या २३ शहरांतल्या हळदीचा अभ्यास आला. पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत शिसं हजार पीपीएमच्या वर. पीपीबी नव्हे, पीपीएम.

नव्याने_आई

थांबा, मी हिशेब करून बघते. चूक असेल तर सांगा.

चिमूटभर हळद ०.२ ग्रॅम धरते. हजार पीपीएमची असेल तर त्यातून २०० मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेची एफडीए (तिथलं अन्न व औषध प्रशासन) मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हा आकडा धरते, म्हणजे ९० पट. बरं, ते सोडा. आपल्याकडे हळदीला शिशाची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम आहे असं वाचलं. कायद्यात बसणाऱ्या हळदीची चिमूटही २ मायक्रोग्रॅम देऊ शकते, जवळजवळ पूर्ण दिवसाचा कोटा! आणि ३० ग्रॅम नाचणीपीठ २० पीपीबीचं असलं तरी त्यातून ०.६ मायक्रोग्रॅमच.

म्हणजे मी इतके दिवस डब्याकडे बघत होते, आणि बघायला हवं होतं मसाल्याच्या डब्याकडे?

प्रयोगशाळेतला_उंदीर

हिशेब बरोबर. मर्यादा म्हणजे कमाल, प्रत्येक हळद तेवढी वाईट नसते. चांगल्या हळदीत खूपच कमी निघतं. पण तपासायचं एकच ठरवलंत, तर हळद तपासा. आणि इथे एलओक्यूची कटकटही कमी, कारण भेसळ असेल तर आकडा ढळढळीत येतो.

सिडकोवाला

हळद पाण्यात टाकून बघायची एफएसएसएआयची घरगुती चाचणी आहे ना, डार्ट पुस्तिकेत? मग लॅब कशाला?

प्रयोगशाळेतला_उंदीर

ती ढोबळ रंगाच्या भेसळीसाठी. पाण्यात गडद पिवळा रंग उतरला तर हळद फेकाच. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी गडद झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

द्राक्षबाग

आमच्याकडं आई न पॉलिश केलेली हळकुंडं आणते, मातकट दिसतात, घरीच फोडून गिरणीतून दळून आणते. दिसायला कळकट पण रंग लावायची पायरीच गाळली जाते. मी बाजारात कुणावर आरोप करत नाही.

काळाकोट

कायद्याचं थोडं. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४०. ग्राहकाला स्वतः विकत घेतलेला पदार्थ फूड ॲनालिस्टकडून (सरकारने नेमलेल्या तपासनिसाकडून) तपासून घेता येतो. अट अशी, की विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं: "हे मी तपासायला देणार आहे." फी तुमची. रिपोर्टमध्ये माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळण्याचा हक्क आहे, आणि तो रिपोर्ट पुढे कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. परस्पर खाजगी लॅबला दिलेला नमुना तुमच्या माहितीपुरता चांगला, पण त्याच्या जोरावर दुकानदाराला कोर्टात खेचता येत नाही.

अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो: एक ॲनालिस्टला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून, आणि चौथा, दुकानदाराने मागितलं तर, मान्यताप्राप्त लॅबकडे. द्राक्षबाग म्हणाले तेच तत्त्व, नमुन्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये.

खडूस

सगळं वाचलं. मग करायचं काय, रोज पोराला लॅबमध्ये बसवायचं? आणि सरकारने मेलामिनच्या वेळेस काय दिवे लावले?

प्रयोगशाळेतला_उंदीर

मेलामिनचं बरं काढलंत. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत ते घातलं गेलं. सहा बाळं दगावली, आजारी पडलेली तीन लाखांच्या घरात. तिथे तपासणी होत नव्हती असं नाही! दुधातली प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते. मेलामिन हे वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात ते मिसळलं की चाचणी पास. सीसीसीसारखंच: जे यादीत नाही ते सापडत नाही. आपल्या सरकारने तेव्हा चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांची आयात बंद केली आणि बंदी पुढे वाढवत नेली. तेवढं श्रेय द्या.

म्हणून घरोघर चाचणीने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, मी त्याच धंद्यात असूनही. तुम्ही आज तपासलेलं सत्त्व महिन्याभरात संपणार, पुढची नाचणी दुसऱ्या शेतातली. आकडे गिरणीवर, कारखान्यात, प्रत्येक खेपेला निघायला हवेत आणि उघडे राहायला हवेत. द्राक्षाला ते जमलं, कारण विकत घेणारा अडून बसला.

बालडॉक

अडून बसायला आपणही शिकू शकतो. बाळाच्या खाण्याच्या डब्यावर ग्राहक सेवेचा ईमेल असतो. बॅच नंबर लिहून विचारा: या बॅचच्या तयार मालाचं शिसं, कॅडमियम आणि असेंद्रिय आर्सेनिक किती, एलओक्यू किती. "आमची उत्पादनं सर्व नियमांचं पालन करतात" असं उत्तर आलं तर ते इथे डकवा.

आणि पालकांना एक काम, ज्याला पैसेही लागत नाहीत. शरीरात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. पेठच्या ताई, बरोबर ना?

पेठची_ताई

बरोबर. आशाताई घरी येऊन देतात. काळी शी होते म्हणून आया बंद करतात, ती होणारच, घाबरू नका.

अंबडकर

अवांतर: दुधाच्या बाटलीचं काय? प्लास्टिकचं?

प्रयोगशाळेतला_उंदीर

भारतीय मानक २०१५ मध्ये सुधारलं, त्यात बाळाच्या बाटलीला बीपीए हे प्लास्टिकमधलं रसायन चालत नाही. आयएसआय खूण बघा. वाटी-चमचा त्याहून बरा. बाटलीवर वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय.

माईआजी

वेखंड काढलं गुटीतून. सुनेने हा धागा वाचून दाखवला. मुरुडशेंग ठेवली आहे, त्यावरून आता नवीन काही शोधून काढू नका.

काजळाचंही लिहा कुणीतरी. शेजारची बाळाच्या डोळ्यांत विकतचं घालते, आणि तीच बोटं तोंडात जातात.

बालडॉक

माई, शाबास. काही काजळ-सुरम्यांमध्ये शिशाची भुकटी थेट असते. शेंदराचं तर रासायनिक नावच शिशाचं आहे. खाण्याच्या धाग्यात हे अवांतर नाही, बाळासाठी तोंडात जाणारं सगळं खाणंच.

नव्याने_आई

ठरवलं ते सांगते. दूध स्टीलमध्येच आहे, ते तसंच. पेज एक दिवसाआड. हळद बाळाच्या खिचडीत तूर्त बंद, तिला काही फरक पडत नाहीये. आणि सुटी हळद लॅबला देणार आहे, फक्त शिशासाठी. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको भागातल्या कुणाला आपापली हळद सोबत द्यायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एकत्र गेलो तर लॅब दरात काही सवलत देते का ते विचारते. प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा, एलओक्यूसकट इथे टाकू. दुकानाचं नाव मात्र कुणी लिहायचं नाही, काळाकोट काका आधीच डोळे वटारतील.

काळाकोट

वटारले.

सिडकोवाला

मी आहे. घरात दोन हळदी आहेत, गावची आणि दुकानातली. दोन्ही देतो. मिसळून दिली तर पैसे वाचतील का?

प्रयोगशाळेतला_उंदीर

वाचतील, आणि आकडा वाईट आला तर दोन्ही फेकाव्या लागतील. वेगवेगळ्या द्या. कोरड्या चमच्याने पन्नासेक ग्रॅम, नव्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि कुठली ते. डबा आधी हलवून घ्या, नुसती वरची काढू नका. आणि माई, तुम्ही देणार असाल तर पितळेच्या डबीतून पाठवू नका.

माईआजी

स्टीलच्याच डबीत असते हो माझी.